निकीतासच्या आईचा दगड

निकीतास हालारिसइतका खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी काही कमी माणसं पाहिलेली नाहीत. अक्रोपोलिसवर पहाऱ्याला मी सव्वीस वर्षं होते. अर्धं जग माझ्यासमोरून घाम पुसत वर चढलं आणि पाय ओढत खाली उतरलं. त्यांचे चेहरे एकमेकांत कधीच मिसळून गेले. निकीतासचा गेला नाही, म्हणून हे सांगायला बसले आहे. मध्येमध्ये बोललेलं मला चालत नाही, तेवढं सांभाळा.

आमचं काम काही मोठं नव्हतं. गळ्यात शिट्टी असायची. कुणी खांबाला हात लावला की फुंकायची, दोरी ओलांडली की फुंकायची, कुणी देवळापुढे सदरा काढून फोटोला उभा राहिला की दोनदा फुंकायची. मी निम्म्या वेळा आभाळाकडे बघत फुंकायचे. पोटासाठी करत होते, धर्म म्हणून नव्हे. निकीतासचं तसं नव्हतं. हात पाठीमागे बांधून तो हळूहळू फिरायचा आणि माणसांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघायचा. माणूस वाकला रे वाकला की याची शिट्टी वाजलीच. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकला तरी वाजायची.

लोकांना खडा उचलायचा फार मोह होतो. आपल्याकडे आलेला पाहुणा जाताना घरातला चमचा नेत नाही, पण अक्रोपोलिसवरून खडा न्यायला कुणाला काही वाटत नाही. मी तर पाहुण्यांना थाप मारायचे, की आम्ही पहाटे ट्रकभर खडी आणून पसरतो, तुम्ही नेता ते कालचंच आहे. ते हसायचे. निकीतासला हे कळलं तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. तो स्वतः रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून दोन्ही बूट काढून झाडायचा, तळाला चिकटून एखादा खडा खाली जायला नको म्हणून. आम्हालाही झाडायला लावायचा. “आर्गिरो, बूट,” एवढंच म्हणायचा. मी शिव्या घालत झाडायचे.

पाहुणे त्याला विचारायचे, आम्ही तीन दिवस अथेन्समध्ये आहोत, काय काय बघायलाच हवं? बाकीचे पहारेकरी हौसेनं यादी सांगत. संसदेपुढची सैनिकांची अदलाबदल बघा, मोनास्तिराकीचा जुना बाजार बघा, लिकाबेतोसच्या टेकडीवरून सूर्यास्त बघा. निकीतास म्हणायचा, “पाणी प्या, सावलीत बसा आणि खिशात काही घालू नका.” एकदा एका शाळेच्या सहलीतल्या तीस पोरांचे खिसे त्यानं उलटे करायला लावले. तीन खडे आणि एक गोगलगाय निघाली. मास्तरीणबाई चिडून म्हणाल्या, “अहो, लहान आहेत ती.” हा म्हणाला, “खडेही लहानच आहेत. म्हणूनच संपतात.”

लग्न केलं नाही त्यानं. आईबरोबर राहायचा, टेकडीच्या अगदी पोटात, अनाफिओतिकात. अनाफी बेटावरून आलेल्या गवंड्यांनी कधीकाळी तिथं चुना फासून ही खुराडी उभी केली, दोन खोल्यांची, एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. मागची भिंत म्हणजे खडकच. आता तीही बघण्याची जागा झाली आहे. गल्ली इतकी अरुंद, की पाहुणा आणि मांजर समोरासमोर आले तर पाहुण्याला मागं व्हावं लागतं. निकीतासची आई, थिया झांबेता, दारात बसून भाजी निवडायची आणि लोक तिचे फोटो काढायचे. थिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं एकात. शहाऐंशी वर्षांची होती, दात चार, जीभ मात्र शाबूत. फोटो काढणाऱ्याला म्हणायची, “काढ बाबा काढ, तुझ्या आईला दाखव. तिला सांग, अजून एक म्हातारी काम करते आहे.” त्याला काही कळायचं नाही, तो मान डोलवायचा.

दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. निकीतासच्या डब्यात पाव, टोमॅटो, उकडलेलं अंडं आणि आईच्या हातची ऑलिव्ह. ऑलिव्ह आम्हीही घरी घालतो, पण थियाच्या ऑलिव्हची सर कुणाला नाही. हिरवी फळं दगडानं ठेचायची, दहा दिवस रोज पाणी बदलून कडवटपणा काढायचा, मग रांजणात मिठाचं पाणी, लिंबू, बडीशेपेच्या काड्या, वर ताटली आणि ताटलीवर दगड. दगड हवाच. फळ वर तरंगलं की बुरशी धरते आणि सगळा रांजण जातो. ऑक्टोबरात घातली की नाताळच्या उपासाला खायला होतात. तो उपास पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. थिया उपासाची एवढी कडक, की त्या दिवसांत मांजरालाही वशाट दाखवत नसे.

युरो यायच्या आधीची, ड्राख्मा चालत होते तेव्हाची गोष्ट. निकीतासची नोकरी संपायला महिना-सव्वा महिना राहिला होता. एकतीस वर्षं झाली होती, तीस नोव्हेंबर शेवटचा दिवस. एकही शेरा नाही, एकही गैरहजेरी नाही. आमच्या साहेबबाईंनी, किरिया (म्हणजे बाई) एव्रिदिकींनी, त्या दिवशी छोटासा समारंभ ठरवला होता. स्वतः चार शब्द बोलणार होत्या. केक सांगून ठेवला होता. निकीतास वरवर म्हणायचा, कशाला हे, पण त्यानं कोट इस्त्रीला दिला होता हे मला ठाऊक होतं.

त्याच ऑक्टोबरात थिया पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरात, आणि कोरोपी गावच्या भाच्यानं वीस किलो ऑलिव्ह दारात आणून ठेवलेली. मग काय, निकीतासला स्वयंपाकघरात शिरावं लागलं. साठीला टेकलेला माणूस, पण चुलीजवळ तो पाहुण्यासारखाच वावरलेला. थिया खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि हा ठेचत होता, पाणी बदलत होता.

तेवीस तारखेला, संत दिमित्रिओसच्या सणाआधी तीन दिवस, रांजण भरायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी निकीतासनं डबाच उघडला नाही. मी म्हटलं, “काय रे, आईनं उपाशी पाठवलं का?”

तो म्हणाला, “आर्गिरो, आमच्याकडे बाई आहे.”

माझ्या घशात घासच अडकला. म्हटलं, साठाव्या वर्षी? “देवानं ऐकलं म्हणायचं. कोण आहे?”

“तशी नव्हे. दगड. ऑलिव्हवरचा.” मग थांबत थांबत त्यानं सांगितलं. त्यांच्या घरात लहानपणापासून म्हणायची पद्धत होती, ‘बाईला बसवली का?’, ‘बाईला काढ, धुवायची आहे.’ बायका आपल्या भांड्याकुंड्यांना नावं ठेवतात, तशातलंच हे, असं तो समजत आला. दगडाची पाठ त्यानं हजारदा पाहिली होती. दारात वाळत ठेवलेला असायचा, पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले असतील. पण उचलून कधी पालथा केला नव्हता. तो बायकांचा प्रांत. त्या दिवशी आई म्हणाली, खालूनही घास नीट, आणि यानं तो उलटला.

खुर्चीवर बसलेली एक बाई कोरलेली होती. मान मोडलेली, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या मात्र काल धुतल्यासारख्या. आणि तिच्या गुडघ्यावर एक लहान पंजा. मूल दगडाबरोबर कुठेतरी तुटून गेलेलं, पंजा तेवढा राहिलेला.

“थडग्यावरचा आहे,” निकीतास म्हणाला. “अडीच हजार वर्षांचा, निदान.”

“आणि थिया काय म्हणाली?”

“म्हणाली, बाईच आहे, मग इतकी वर्षं काय सांगत होते?”

मला हसू आवरेना. एकतीस वर्षं माणसांच्या मुठी उघडून बघितल्या आणि स्वतःच्या आईच्या रांजणात कधी डोकावला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्याचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं. कायदा आम्हा दोघांनाही पाठ होता. जुनी वस्तू हाती आली की विनाविलंब खात्याला कळवायचं. न कळवणं हा गुन्हा, आणि कळवणारा खात्याचाच माणूस असेल तर काय सांगावं. नोकरीवर शेरा, पेन्शनीत खोट, शिवाय म्हातारीला कोर्टाची पायरी.

“तिला आणली कुणी?” मी विचारलं.

“आजीच्या बापानं. घराचा पाया खणताना मिळाली. आजीनं ती सुनेला सोपवली, लग्नाच्या दिवशी, चाव्यांबरोबर.”

“मग चोरी कुठे झाली? कळवून टाक आजच.”

“आई देत नाही. उपासाची ऑलिव्ह आहेत, ती होईपर्यंत बाई हलणार नाही म्हणते.”

“दुसरा दगड ठेव की, शहाण्या.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. टेकडीच्या पायथ्याला राहणारा हा माणूस दुसरा दगड आणणार कुठून? आमच्याकडे पायाखाली येईल तो दगड सरकारी. “समुद्रावरून आण,” मी म्हटलं. “किनाऱ्यावरचा गोटा उचलणं हाही गुन्हा आहे,” तो म्हणाला. आणि उचलून आणलाच असता तरी थियानं तो ठेवू दिला नसता. परका दगड पाणी नासवतो, हे तिचं ठाम मत. निकीतासनं आईपुढे मान तुकवली. उपास सुरू होईपर्यंत, एवढीच मुदत. कायद्याला ऑलिव्हसाठी थांबवणारे आम्हीच, दुसरं कोण?

माझ्याकडे याहून सोपा उपाय होता. मी म्हटलं, “हे बघ, ऑलिव्ह झाली की पिशवीत घाल, सकाळी माझ्या पाळीला घेऊन ये, आणि वर भिंतीशी हजार तुकडे पडले आहेत, त्यांत ठेवून दे. खाली नेताना पकडतो आपण. वर नेणाऱ्याला कुणी पकडलं आहे का आजवर?”

“नाही,” तो म्हणाला.

“कुणाला कळणार नाही रे.”

“म्हणूनच नाही. उद्या एखादी शिकाऊ पोरगी येईल, हा दगड तिथं बघेल आणि लिहील की इथं सापडला. पुढची शंभर वर्षं लोक तेच वाचतील. दगड कुठे मिळाला, हे त्याचं अर्धं बोलणं असतं, आर्गिरो. ते मी खोटं करू?”

मी म्हटलं, जा मर. आणि डबा आवरला.

ते तीन आठवडे मला नीट आठवतात, कारण वर शिट्टी ऐकू येईनाशी झाली. तो फिरायचा तसाच, हात पाठीमागे. पण कुणी वाकला की शिट्टी ओठांपर्यंत न्यायचा आणि खाली सोडायचा. एकदा एका बाईंनी आपणहून येऊन मुठीतला खडा त्याच्यापुढे धरला. चूक झाली म्हणाल्या, आत्ताच उचलला. एरवी यानं त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी खडा घेतला आणि पाठ फिरवली. रोज डबा आणायचा, त्यात गेल्या वर्षीची ऑलिव्ह असायची, ती तशीच परत न्यायचा. गालांत खड्डे पडले. मला राग यायचा. थियाचा यायचा, त्याचा यायचा आणि त्या दगडी बाईचाही यायचा. इतकी वर्षं गप्प बसली होतीस, मग आणखी महिनाभर बसायला काय झालं होतं?

सोळा नोव्हेंबरला, सोमवारी, तो सरकारी तिकीट चिकटवलेला अर्ज घेऊन आला. मला वाचायला दिला. सुवाच्य अक्षर, तीन ओळी. आईच्या घरी एक प्राचीन शिल्पखंड आहे, तो ताब्यात घ्यावा. तारीख नव्हती. मी म्हटलं, “छान. कधी सापडला ते लिहू नकोस.”

“विचारलं तर सांगेन.”

“विचारलं तर ‘आज’ म्हण. दोन अक्षरं आहेत. जिभेला फोड येणार नाही.”

तो अर्ज घेऊन आत गेला. एव्रिदिकीबाईंनी अर्ज वाचला आणि टोपी काढावी तसा चष्मा काढला. त्या विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदा टेकडीवर आल्या तेव्हा याच निकीतासनं त्यांचे खिसे उलटे करायला लावले होते. मोठ्या झाल्यावर हे त्या स्वतःच हसून सांगत. त्याच दुपारी त्या कॅमेरा, मोजपट्टी आणि नमुना छापलेला कागद घेऊन त्याच्या घरी निघाल्या. साक्षीदार लागतो म्हणून मला बरोबर घेतलं.

थियानं घर झाडूनपुसून ठेवलं होतं. डाव्या हातानं तिनं आमच्यापुढे कडू संत्र्याचा मुरंबा चमच्यावर ठेवला, सोबत पाण्याचे पेले. घरी जप्ती आली तरी आधी तोंड गोड करायचं, हा आमचा रिवाज. टेबलावर बाई होती, पांघरूण घातल्यासारखी पंचाखाली झाकलेली. एव्रिदिकीबाईंनी पंचा काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग बोटाच्या टोकानं तो लहान पंजा चाचपला.

“किरा-झांबेता,” त्या हळूच म्हणाल्या, “फार सुंदर आहे हो.”

“माहीत आहे मला. चौसष्ट वर्षं माझ्याजवळ आहे. कधी कुरकुर नाही. घरातल्या कुणाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.” थियानं निकीतासकडे पाहिलंही नाही. “नेऊन करणार काय तिचं?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं, काचेच्या कपाटात ठेवू वगैरे. त्या म्हणाल्या, “खरं सांगू? नंबर घालून तळघरात. अशी पुष्कळ आहेत आमच्याकडे.”

“म्हणजे अंधारातच. मग इथं काय वाईट होतं? इथं वर्षातून एकदा अंघोळ तरी व्हायची.”

बाई हसल्या, पण लिहायला बसल्या. लांबी, रुंदी, कुठल्या घरात, कुणी आणला. थिया पटकन म्हणाली, “मी आणला. मी चोरला. माझ्या मुलाला काही ठाऊक नाही. घाला लिहून, मला काय करणार आहेत? तुरुंगात जेवण तरी आयतं मिळेल.”

“आई, तू गप्प बस,” निकीतास म्हणाला. “पणजोबांना पाया खणताना मिळाला. तसंच लिहा, बाई.”

बाईंनी तसं लिहिलं. पुढचा रकाना तारखेचा होता. पेन तिथं आलं आणि थांबलं. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “यावर चित्र आहे हे तुमच्या लक्षात कधी आलं, निकीतास?”

“तेवीस ऑक्टोबर.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना आकडा कळला होता. चोवीस दिवस म्हणजे विनाविलंब नव्हे. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला वाटतं मी नीट ऐकलं नाही. तुम्ही आज सकाळी तो धुवायला घेतलात, तेव्हा लक्षात आलं आणि तुम्ही लगेच अर्ज केलात. असंच ना?”

“असंच,” थिया म्हणाली. “आज सकाळी. माझ्यासमोर.”

“मीही होते,” मी म्हटलं. मी तेव्हा फाटकावर होते, पण देवाशपथ, मी कुठल्याही कागदावर सही केली असती.

आम्ही तिघी बायका त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एक शब्द हवा होता फक्त. तो उभाच होता, दाराच्या चौकटीला धरून. त्याच्या कपाळावर घाम होता, नोव्हेंबरात. मला दिसत होतं की त्यालाही तो शब्द हवा आहे. पेन्शन त्यालाही हवी होती, चार शब्द हवे होते, केक हवा होता. तो काही दगडाचा नव्हता.

“बाई,” तो म्हणाला, “एकतीस वर्षं लोक मला सांगत आले, आत्ताच उचलला, ठेवणारच होतो. मी एकाचंही ऐकून घेतलं नाही. तेवीस ऑक्टोबर लिहा.”

एव्रिदिकीबाईंनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. निकीताससमोर कागद सरकवला, त्यानं सही केली.

थिया उठली. मला वाटलं आता याच्या थोबाडीत देते. ती म्हणाली, “दहा आज्ञा पाठ करून घेतल्या तुझ्याकडून. त्याऐवजी एक खोटं बोलायला शिकवलं असतं तर चार दिवस सुखानं गेले असते तुझे, गाढवा.” आणि प्लास्टरातल्या हातानं त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. मग रडायला लागली. मी चमचे उचलले आणि उगाच धुवत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावरून दूर केलं, चौकशी होईपर्यंत. कायदा तसाच आहे, बाईंच्या हातात काही नव्हतं. टोपी आणि शिट्टी त्यानं टेबलावर ठेवली, पावती मागितली, घेतली आणि गेला. चौकशी चालू असलेल्या माणसाला निरोप देता येत नाही, म्हणून समारंभ रद्द झाला. केकवाल्याला मीच निरोप पाठवला. पुढे वसंतात प्रकरण मिटलं. एक लेखी समज मिळाली, पेन्शन वाचली, थियाला कुणी कुठं बोलावलं नाही. पण ते त्या नोव्हेंबरात कुणाला माहीत होतं? मी रोज त्याच्या घरावरून जायचे आणि आत डोकवायचं धाडस व्हायचं नाही. तोंड दाखवायला जागा आपल्याकडेच नाही असं वाटायचं. तो गुन्हेगार, आणि खोटं बोललो ते आम्ही.

तीस तारीख सोमवारी आली. मी फाटकावर तिकिटं तपासायला होते. आदल्या दिवशी रविवार, हिवाळ्यात रविवारी प्रवेश फुकट, म्हणून झुंबड होऊन गेली होती. सोमवारी फार नव्हते, दहा-बारा जपानी म्हातारे, एक नवपरिणीत जोडपं, आणि त्यांच्यामागे रांगेत निकीतास. इस्त्रीचा कोट घातलेला, दाढी केलेली, हातात तिकीट. खिडकीवर जाऊन, दोन हजार ड्राख्मा मोजून, इतरांसारखं विकत घेतलेलं.

मी बाजूचं छोटं फाटक उघडलं, ज्यातून आम्ही जातो. म्हटलं, “अरे, इकडून ये. तुला कसलं तिकीट?”

तो रांगेतून हलला नाही. जोडपं पुढं गेलं, तो माझ्यापुढं आला.

“निदान काल यायचं होतंस,” मी म्हटलं. “काल फुकट होतं.”

“रविवारी माझी सुट्टी असते,” तो म्हणाला. “आज कामाचा दिवस आहे.” आणि तिकीट पुढं धरलं. “फाड, आर्गिरो.”

“नाही फाडणार.”

“मागं लोक थांबलेत.”

मी फाडलं. अर्धं त्याला दिलं. ते त्यानं नीट दुमडून वरच्या खिशात ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून पायऱ्या चढायला लागला. आमच्याकडे राहतो तो तुकडा नियमानं पेटीत टाकायचा असतो, संध्याकाळी मोजदाद होते. मी टाकला नाही.